सहा गाड्यांचं वाटप

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी आमच्या पिंपळवंडीत मी अजून 'सिलिंडरवाल्या मॅडम'च आहे. लग्नात, दशक्रियेला, एसटीत, कुठेही कुणीतरी शेजारी येऊन बसतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "मॅडम, नंबर लावून आठ दिस झालं, टाकी काय आली न्हाई." मी सांगते की माझी कंपनी सिलिंडरची नव्हती, माझा गॅस वेगळा. मग समोरचा माणूस माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघतो. गॅस कंपनीत उभं आयुष्य काढलं आणि एक टाकी मिळवून देता येत नाही, म्हणजे हिनं तिथं केलं तरी काय?

काय केलं, ते एकदा नीट सांगते.

माझा गॅस म्हणजे नैसर्गिक गॅस. तो समुद्राच्या तळाखालून निघतो, थोडा परदेशातून बोटीनं येतो, आणि मोठ्या नळातून जिल्ह्यापर्यंत पोचतो. त्याच्यावर रिक्षा आणि मोटारी चालतात, त्याला आपण सीएनजी म्हणतो. तोच बारीक नळातून स्वयंपाकघरात जातो, हॉटेलच्या भट्टीत जळतो आणि कारखान्याच्या बॉयलरखालीही जळतो. गॅस एकच, मागणारे चार, आणि रोज सगळ्यांचं समाधान होईल इतका तो येत नाही. मग आज कुणाला किती द्यायचा? हा प्रश्न रोज सकाळी कुणीतरी सोडवावा लागतो. आमच्या भागात ते मी करत होते.

मी गणितात एम. एस्सी. केलेली बाई. पुण्याच्या ऑफिसात बरीच वर्षं मी कॉम्प्युटरवर हेच गणित मांडत होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन प्रश्न. तुला रोज किती लागतो? नाही मिळाला तर तुझ्याकडे दुसरं इंधन आहे का? आणि अजिबात नाही मिळाला तर किती नुकसान होईल? उत्तरांचे आकडे करायचे, प्रत्येक आकड्याला वजन द्यायचं, आणि सगळ्यांचा मिळून त्रास कमीत कमी होईल अशी वाटणी कॉम्प्युटरकडून काढून घ्यायची. पुण्यात बसून हे काम फार स्वच्छ वाटायचं. पडद्यावर रंगीत पट्ट्या असतात. एक पट्टी आखूड केली की दुसरी लांब होते. कुणी रडत नाही, कुणी शिव्या देत नाही.

नोकरीची शेवटची सहा वर्षं मात्र मी आळेफाट्याच्या ऑफिसात काढली. मीच मागून घेतलेली बदली, कारण घर जवळ. तिथं आल्यावर कळलं की इथं पट्ट्या नाहीत, गाड्या आहेत. मोठा नळ आमच्या दोन तालुक्यांपर्यंत तेव्हा आलेला नव्हता. जिथं तो संपायचा तिथं गॅस दाबून लांब लांब बाटल्यांत भरायचा, अशा बाटल्यांची चळत ट्रकवर बसवायची, आणि ट्रक पंपावर किंवा कारखान्यात नेऊन उभा करायचा. रोज अशा अकरा गाड्या यायच्या. सहा पंपांना, दोन घरगुती नळांच्या केंद्राला, दोन मंचरच्या अलीकडच्या दूध डेअरीला आणि एक हॉटेलांना.

या गाड्या पाठवायचं काम बबनरावांकडे होतं. बबनराव आधी टोमॅटोच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. दोन्ही तालुक्यांतला रस्ता, खड्डा आणि माणूस त्यांना तोंडपाठ. ऑफिसात त्यांनी एक काळा फळा लावला होता, त्यावर खडूनं ते गाड्या लिहायचे. माझा कॉम्प्युटर आणि त्यांचा फळा समोरासमोर. मी आकडा सांगायचे, ते लिहायचे आणि न चुकता म्हणायचे, "मॅडम, तुमचं गणित बरोबर आसंल. गाडीला इचारतो."

गिऱ्हाइकांच्याही एकेक तऱ्हा. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं कुठून तरी ऐकलं की दवाखाना आणि अन्नछत्राला गॅस आधी मिळतो. त्यानं दुसऱ्याच दिवशी 'शुद्ध शाकाहारी'च्या पाटीखाली 'प्रसादालय' असं रंगवून घेतलं आणि अर्ज घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

मी विचारलं, "प्रसाद कुठल्या देवाचा?"

"सगळ्याच देवांचा, मॅडम. आपल्याकडं भेदभाव न्हाई."

"आणि फुकट का?"

"पापड फुकट."

पापडावर अन्नछत्र ठरवता येत नाही असं मी त्याला लेखी कळवलं. पाटी त्यानं पुसली नाही. पुढे लोक खरंच तिथं चपला काढून आत जायला लागले, असं बबनराव सांगायचे. त्यात खरं किती, ते मला माहीत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

एका वर्षी, दिवाळीला पंधराएक दिवस असताना, मोठ्या नळाचं कुठेतरी खाली नुकसान झालं. पुण्याहून साहेबांचा फोन आला. दुरुस्तीला आठ ते दहा दिवस लागणार, तोवर अकरा गाड्यांच्या जागी सहा मिळतील. मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला जरा उत्साहच आला. मी इतकी वर्षं जे गणित घासूनपुसून ठेवलं होतं, ते अशाच दिवसासाठी. मी आकडे भरले, बटण दाबलं, उत्तर आलं. घरगुती नळाला दोन, पंपांना चार, हॉटेलं शून्य, डेअरी शून्य.

बबनरावांनी फळ्यावर सगळं लिहिलं. डेअरीपाशी त्यांचा खडू थांबला.

"मॅडम, डेरीला काहीच न्हाई?"

"त्यांच्याकडे डिझेलची सोय आहे. ते चार दिवस काढतील. हॉटेलवाले सिलिंडर आणतील, तसंच."

"बरं," असं म्हणून त्यांनी शून्य काढला. पण तो इतका लहान काढला, की लांबून दिसू नये.

त्या दिवशी फोन खाली ठेवता येत नव्हता. जो तो आपलीच अडचण कशी जगावेगळी आहे ते सांगत होता. दुपारी डेअरीच्या मॅनेजरांचा फोन आला. "मॅडम, आम्हाला शून्य कसं? अहो, आमच्या बर्नरचं…" एवढंच मी ऐकलं. "साहेब, सगळेच अडचणीत आहेत. डिझेलवर चालवा," असं म्हणून मी फोन ठेवला. ते वाक्य मी त्यांना पुरं करू दिलं नाही. हे मी आज कबूल करते, कारण पुढचं सगळं त्या अर्ध्या वाक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तीन बायका ऑफिसात आल्या. पुढची साठीची, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात स्टीलची किटली. तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "गॅस वाटत्यात त्या बाई तुमीच का?"

मी हो म्हटलं.

"मी अनसूयाबाई. वर घोडनदीच्या खोऱ्यात, धरणाच्या पल्याड आमची वाडी. दुधाची डेरी हाय ना गावातली, ती मी चालवते. आमच्याच दुधाची गाडी दोन दिस झालं येईना. फोन केला तर डेरीवालं म्हनत्यात, गॅस न्हाई, दूध तापवायचं कशावर? मंग म्या म्हनलं, गॅस कोन देतंय त्याचं तोंड तरी बघून येऊ. पहाटंच्या एस्टीनं निघालो."

गावातली डेअरी म्हणजे दूध गोळा करायची एक खोली, एक काटा आणि चार कॅन. सकाळ-संध्याकाळ घरोघरचं दूध तिथं येतं आणि गाडी ते मंचरकडे नेते. मी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि समजावू लागले की तुमच्या डेअरीकडे डिझेलवर चालणारा बर्नर आहे, त्यांनी तो चालवायला हवा, दूध न घेणं ही त्यांची चूक आहे.

अनसूयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी बघितलाय का त्यो?"

"काय?"

"त्यो बनर का काय त्यो. डोळ्यांनी बघितलाय?"

मी तो बघितला नव्हता. मागं उभ्या असलेल्या बबनरावांनी हळूच गाडीची किल्ली उचलली.

बायकांनाही आम्ही जीपमध्ये घेतलं आणि डेअरीकडे निघालो. रस्ताभर मी मनात डेअरीच्या डिझेल बर्नरची नोंद शोधत होते. डेअरीनं गॅस घेतला तेव्हाचा अर्ज मला आठवत होता. 'पर्यायी इंधन' हा रकाना त्यांनी कोरा सोडला होता. कोरा रकाना माझं गणित स्वीकारत नाही, 'होय' किंवा 'नाही' द्यावंच लागतं. फोन करून विचारता आलं असतं, अर्ध्या तासावर तर डेअरी. पण एवढ्या मोठ्या डेअरीत डिझेलचा जोड बर्नर असतोच, असं मला पुण्याच्या अनुभवावरून वाटलं आणि मी 'होय'समोर खूण केली. ती खूण माझी होती.

मॅनेजरांनी मला बॉयलरच्या खोलीत नेलं. बॉयलर थंड पडला होता. त्याच्या एका अंगाला भिंतीपाशी चार गंजलेले बोल्ट वर आलेले होते आणि एक पाइप टोपण लावून बंद केलेला होता.

"इथं होता डिझेलचा बर्नर," मॅनेजर म्हणाले. "खोली लहान. गॅसचं यंत्र बसवायला तुमच्याच माणसांनी तो काढायला सांगितला. हेच मी त्या दिवशी फोनवर सांगत होतो."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. दोन रात्री न झोपलेल्या माणसासारखे ते अगदी सपाट आवाजात बोलत होते. त्यांनी मला दूध साठवायच्या टाक्या दाखवल्या. सगळ्या काठोकाठ भरलेल्या. तापवता येत नाही म्हणून पुढे पाठवता येत नाही, आणि जागा नाही म्हणून नवीन घेता येत नाही. शेजारच्या डेअऱ्यांनी थोडं घेतलं, पण दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडेही जागा नव्हती. मग मॅनेजरांनी दुधाचे मार्ग एकेक करून बंद केले. सगळ्यात आधी बंद केला डोंगराकडचा. लांबचा रस्ता, घरटी एखादी म्हैस, दूध थोडं, डिझेल जास्त.

"मीही हिशेबानंच केलं, मॅडम," ते म्हणाले. "ज्याचं कमी, त्याचं आधी."

पट्टी आखूड करणारी मी एकटीच नव्हते तर.

दारात अनसूयाबाई उभ्या होत्या. त्यांनी ते चार बोल्ट बघितले, माझ्याकडे बघितलं आणि किटली या हातातून त्या हातात घेतली. "मंग आता?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत एक गाडी मिळवते." म्हटलं खरं, पण आणणार कुठून ते मला ठाऊक नव्हतं. नळावर चालणाऱ्या स्वयंपाकघरांचा गॅस तोडणं शक्य नव्हतं. राहिले पंप. चार गाड्यांतली एक पंपांकडून काढायची, आणि पंपांवर तर मारामारीची वेळ आली होती.

परत आलो तेव्हा आळेफाट्याच्या पंपावरची रांग पार नाशिक रस्त्यावर गेली होती. व्हॅन, रिक्षा, टेम्पो. उन्हात दारं उघडी टाकून ड्रायव्हर सावलीला बसलेले. माझ्या गणितात पंपांची मागणी चढत चालली होती, ती या रांगेवरून. रोज रांग मोजायची आणि आकडा भरायचा.

मी जीपमधून उतरले आणि पहिल्यांदाच त्या रांगेत शिरले. का, ते नीट सांगता येणार नाही. त्या दिवशी चार बोल्ट बघितल्यावर मला कुठल्याच आकड्याचा भरवसा वाटेना, एवढं खरं. सीएनजीच्या गाडीत स्टेअरिंगजवळ चार हिरवे दिवे असतात. टाकी भरली की चार, संपत आली की एक. मी वही काढली आणि प्रत्येक ड्रायव्हरला किल्ली फिरवायला सांगत पुढे निघाले. तीन दिवे. चार दिवे. दोन. तीन. परत तीन.

जुन्नर-आळेफाटा वडाप करणारा, म्हणजे सीटमागे भाडं घेऊन माणसं नेणारा, दत्ता रांगेत मधे होता. गळ्यात टॉवेल, तोंडात गुटखा, आणि रांगेचा पुढारी. त्याच्या व्हॅनमध्ये तीन दिवे लागले.

"दत्ताभाऊ, पाऊण टाकी भरलेली आहे. तीन तास रांगेत कशाला उभे आहात?"

"वा मॅडम! उद्या न्हाई मिळाला म्हंजी? आज हाय तवर भरून घ्यायचा. सगळेच उभं हायत, मी काय येडा हाय का एकटा घरी बसायला?"

"काल भरला होता?"

"काल भरला. परवा नारायणगावला भरला."

मी साठ गाड्या बघितल्या. निम्म्यांहून जास्त गाड्यांत तीन किंवा चार दिवे होते. म्हणजे ही रांग गॅसची नव्हतीच, धास्तीची होती. एकच माणूस रोज येऊन थोडा थोडा भरत होता, आणि मी त्याला रोज नवा माणूस म्हणून मोजत होते. त्या मोजणीवर मी पंपांना चार गाड्या दिल्या होत्या.

तिथंच पंपाच्या ओट्यावर मी, बबनराव आणि पंपाचा मॅनेजर असे बसलो आणि अगदी साधी गोष्ट ठरवली. प्रत्येक गाडीला नंबराची चिठ्ठी. एक दिवसाआड गॅस. ज्याची चिठ्ठी त्या दिवसाची, त्याला गॅस मिळणारच, रांगेत कितवाही असो. ज्याच्या गाडीत एकच दिवा, त्याला चिठ्ठी नसली तरी. साहेबांची परवानगी हवी होती. मी त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं, खूण कुणी केली तेही. ते म्हणाले, "हे लेखी द्याल?" मी पंपाच्या केबिनमध्ये बसून मोबाइलवरून लिहून पाठवलं. दहा मिनिटांत 'करा' असं उत्तर आलं.

आता ड्रायव्हरांना सांगायचं होतं. बबनरावांनी सगळ्यांना गोळा केलं. मी ओट्यावर उभी राहिले. सभेत बोलायची मला सवय नाही. मी एवढंच म्हणाले की वर डोंगरातल्या वाड्यांचं दूध दोन दिवस कुणी घेत नाही, कारण त्यांना गॅस द्यायला मी चुकले. तुमच्या चार गाड्यांतली एक मला त्यांना द्यायची आहे. उरलेल्या तीनमध्ये तुमचं भागेल, मी दिवे मोजलेत.

एकच गलका झाला. "आमच्या पोटावर पाय का?" "डेरीवाल्याची वळख हाय मॅडमची!" एकानं तर ही जागा बायकांची नाही असंही सुनावलं. मी वही घट्ट धरून उभी होते.

तेवढ्यात अनसूयाबाई पुढे आल्या. गॅसचं काय होतं ते बघायला त्या आमच्याबरोबर परत आल्या होत्या आणि परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून पंपावरच थांबल्या होत्या. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. सरळ दत्तासमोर गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची गाडी उद्या उभी ऱ्हायली तर परवा चालती. म्हशीला मी काय सांगू, दोन दिस थांब म्हनून?"

दत्ता टॉवेलनं तोंड पुसायला लागला. मागून कुणीतरी हसलं. मग अजून कुणीतरी.

"ते खरं हाय, मावशी," दत्ता म्हणाला. मग माझ्याकडे वळून बोट रोखलं. "मॅडम, मी निघालो. तीन दिवं हायत माझ्याकडं. पर उद्या दुपारी येणार, आन् उद्या गॅस न्हाई मिळाला तर माझी व्हॅन तुमाला दोर लावून जुन्नरपस्तोर वढत न्यावी लागंल. बोला, कबूल?"

"कबूल."

त्यानं खरंच गाडी काढली आणि वळवून निघून गेला. त्याच्या मागं अजून सात-आठ गाड्या निघाल्या. बाकीचे थांबले, पण ओरडायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन पंपावरच बसले. दत्ता आला, चिठ्ठी दाखवली, पाच मिनिटांत गॅस भरून घेतला आणि काच खाली करून म्हणाला, "दोर आनला व्हता का?" मी जीपमधला दोर दाखवला. बबनरावांनी तो सकाळीच आणून ठेवला होता.

एकदा दत्ताला मिळाला हे पसरलं आणि रांग वितळत गेली. चिठ्ठ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून पंपावर एका वेळी पंधराच्या वर गाड्या नसायच्या. पंपांना तीन गाड्या पुरल्या. चौथी गाडी, मी सांगितलं होतं त्याच संध्याकाळी, डेअरीच्या फाटकातून आत गेली. ड्रायव्हरऐवजी बबनराव स्वतः ती घेऊन गेले. "लई दिसांनी स्टेरिंग हाताला लागलं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराकडची दुधाची गाडी परत सुरू झाली. नळ दुरुस्त व्हायला एकूण नऊ दिवस लागले. दिवाळीच्या आधी अकराच्या अकरा गाड्या फळ्यावर आल्या.

लोकांनी कौतुक केलं. चिठ्ठ्यांची पद्धत पुण्यानं इतर पंपांनाही लावायला सांगितली. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मी घरी येऊन आईला ते सांगितलं आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. जी आग मी लावली ती मीच विझवली, म्हणून माझा सत्कार.

अनसूयाबाईंच्या वाडीला जायचं धाडस व्हायला मला तीन आठवडे लागले. मुद्दाम सकाळची वेळ धरली, दूध घालायची. त्या एका खोलीच्या डेअरीसमोर पंधरा-वीस माणसं होती, बहुतेक बायकाच. खाली भाताची काढणी चालू होती, तिथून तशाच आलेल्या. अनसूयाबाई काट्यापाशी होत्या. मला बघून त्यांनी पोत्याची घडी पुढे सरकवली. "बसा."

मी बसले नाही. उभ्यानंच सगळ्यांना सांगितलं की तुमचं दूध पडून राहिलं ते नळ फुटल्यामुळे नाही, माझ्यामुळे. कागदावर एक रकाना कोरा होता, तो मी न बघता भरला.

अनसूयाबाईंनीच विचारलं, शाळेत मास्तर विचारतात तसं. "मंजी डिझेलचा बनर हाय आसं तुमीच लिवलं व्हतं?"

"हो."

"न बघता?"

"न बघता."

त्यांनी मान हलवली. त्यात राग होता की काय होतं, मला अजून सांगता येत नाही. एका तरुण बाईनं सांगितलं की शेजारच्या पारूबाईंनी त्या चार दिवसांत म्हैस बहिणीच्या गावाला धाडली, तिथं दूध विकलं जातं म्हणून. ती म्हैस परत आली नाही. पारूबाई दूध घालायला आता येत नाहीत. मी पारूबाईंच्या घरी गेले, दाराला कुलूप होतं, त्या रानात होत्या. माझ्या हातून जे बिघडलं, त्यातलं हे एक तसंच राहिलं. पुढेही आमची भेट झाली नाही.

परत डेअरीपाशी आले, तर भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. ठकूआजी. तिला ऐकू कमी यायचं. आत्तापर्यंत काय चाललंय ते ती शेजारणीला विचारून विचारून समजून घेत होती. सगळं समजल्यावर तिनं मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "बाय माझे, त्या चार दिसात आमच्या रेडकानं पोट फुटंस्तोवर दूध पिलं बघ. जल्मात कधी पिलं नव्हतं. तेवढं एक चांगलं झालं तुझ्या हातनं."

आधी तीच हसली. तोंडात दात नव्हते. मग अनसूयाबाई हसल्या, मग सगळ्याच. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही थोडं थोडं केलं.

मग त्या पोत्यावर मी बसले, पिशवीतून डेअरीचा तोच अर्ज काढला, 'किती नुकसान होईल' या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मला नीट सांगा. सकाळी दूध किती वाजता निघतं? गाडी आली नाही तर ते किती वेळ टिकतं?"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. "थंडीत येगळं, ताई." "म्हशीचं येगळं, गाईचं येगळं." "आन् आमच्या वरच्या वाडीचं तर डोक्यावरनं येतं, त्याचा टाइम धरा आधी."

"एकेक जणी सांगा," मी म्हटलं आणि लिहायला घेतलं.